महिपत खलाशाचा साक्षीदार

(पूर्णगड. रविवारची दुपार, मराठी शाळेची पडवी. भास्करमास्तर बैठ्या मेजाशी अर्ज लिहायला बसले आहेत. पायरीवर म्हातारा रावजी सारंग. खांबापाशी मथुरा, मांडीवर काथ्या घेऊन दोरी वळत.)

रावजी : ...आणि आता पुढचं सांगतो त्यावर कोणाचा विश्वास बसायचा नाय. बसला तर ही मिशी काढून या पायरीवर ठेवतो. तुर्काच्या तोफेचा गोळा आला तो सरळ आमच्या बोटीच्या नाळेवरून. चहाच्या किटलीत या अंगानं शिरला, त्या अंगानं गेला. चहाचा थेंब सांडला नाय. उलट गार झालेला चहा गरम झाला.

भास्करमास्तर : रावजी, किटली काढा.

रावजी : किटली काढली तर गोळा जाईल कुठून?

भास्करमास्तर : गोळाही काढा. उद्या रत्नागिरीच्या कचेरीत पेन्शनीचा साहेब बसणार आहे. ज्यावर कोणाचा विश्वास बसत नाही ते त्याच्यासमोर कशाला न्यायचं? महिपत खलाशी बसऱ्याकडच्या नदीत कसा मेला, एवढंच सांगा. पाच ओळींत.

रावजी : पाच ओळींत कोंबडी मरते, मास्तर. माणूस मरायला जागा लागते.

भास्करमास्तर : आणि बाई समोर बसल्यात, जरा भान ठेवा.

मथुरा : असू दे मास्तर. भावजी असेच बोलतात. न बोलले तर मला धास्ती वाटेल.

रावजी : बघा. वैनीला माझी पारख हाय.

मथुरा : मास्तर, तो नियम मला पुन्हा एकदा सांगा. परवा देवळापाशी तुमी सांगितलात, पण तिथं सगळीच बोलत होती.

भास्करमास्तर : सांगतो. आजवर लढाईतली पेन्शन कोणाला होती, तर ज्याच्या खांद्याला बंदूक होती त्याला, नाही तर बोटीच्या सारंगाला. तो मेला तर त्याच्या बायकोला. बोटीवरचे खलाशी, खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे हे पलटणीबरोबर गेले, पण त्यांची गणती नोकरांत. आता सरकारनं कायदा बदललाय. पेन्शन वाढवली, आणि या सगळ्यांनाही तिच्यात घेतलं. म्हणजे आमच्या रावजींना सारंग म्हणून मिळायची त्यात वाढ, आणि खलाशाच्या विधवेला नव्यानं, मरेपर्यंत.

रावजी : माझी वाढ तर मंजूर झाली पण. बसल्या जागी. मी धडधाकट परत आलो, दोन्ही पाय शाबूत, बत्तीस दात घेऊन आलो...

भास्करमास्तर : दात आता तीन आहेत.

रावजी : तेव्हाचं सांगतोय. मी आलो, म्हणून मला वाढ. जो आला नाय त्याच्या घरी काय? काथ्या. वैनीचे हात बघा एकदा. बोटांना भेगा पडून पडून खाडीच्या तळासारखे झालेत, ओहोटीच्या. ती वाढ माझ्या घशाखाली उतरत नाय, खरं सांगतो.

भास्करमास्तर : हे मात्र पटलं.

रावजी : पटलं ना? मग मी उगाच म्हणत नाय की मला बोलू द्या.

मथुरा : आणि मग आमाला आजवर का नाय मिळालं, मास्तर? कायदा झाला म्हणता.

भास्करमास्तर : मिळेल, पण अडचण आहे. तुमचा नवरा सरकारदरबारी मेलेला नाही.

मथुरा : मग?

भास्करमास्तर : गैरहजर आहे. शाळेतल्या पोरासारखा. एका मुक्कामाला हजेरी झाली तेव्हा होता, पुढच्या मुक्कामाला नव्हता. लढाईत असा माणूस नाहीसा झाला की सरकार दोनच गोष्टी जाणतं. एक तर मेला, नाही तर पळाला. मेला म्हणायला कोणी पाहिलेलं नाही. म्हणून...

मथुरा : म्हणून पळाले.

भास्करमास्तर : तसं कोणी म्हटलेलं नाही. पण तिसरा खण त्यांच्याकडे नाही.

मथुरा : गावात म्हणतात की. पाणवठ्यावर म्हणतात. तिथल्या बाईबरोबर खजूर विकत बसला असेल म्हणतात. माझा बाबल्या मुंबईला बोटीवर लागला, तर तिथंही कोणी तरी त्याला विचारलं, तू पळपुट्याचा काय रे?

रावजी : कोण मेला बोलला तो? नाव सांग. मी तिगरीस नदीतून पोहत येताना दोन मगरी काखेत मारून आणलेला माणूस हाय.

भास्करमास्तर : मगरी काढा.

रावजी : मगरी साक्षीत नव्हत्या, मास्तर. त्या अशाच होत्या.

भास्करमास्तर : तर बाई, नियमात एक वाट आहे. बरोबर नोकरीला असलेल्या माणसानं शपथेवर सांगावं की मी त्याला मरताना पाहिलं, कामावर असताना. मग गैरहजर खोडून मृत लिहितात. साहेब रत्नागिरीत उद्याचा एक दिवस आहे. नंतर पुढच्या जिल्ह्यात जाईल, आणि ही संधी पुन्हा यायची नाही. सकाळच्या मचव्यानं आपण तिघांनी निघायचं. आणि अजून एक. कसं सांगू...

मथुरा : सांगा.

भास्करमास्तर : कपाळाला कुंकू लावून विधवेची पेन्शन मागता येत नाही.

मथुरा : ते मला ठाऊक हाय. त्याच्याचसाठी मी आज आले. अर्ज तुमी उद्या मचव्यातसुद्धा लिहिला असतात. मला आधी ऐकायचं हाय. भावजींनी साहेबाला सांगण्याआधी मला सांगावं. मला खरं वाटलं तर मी इथंच अंगठा देईन, घरी जाऊन बांगड्या फोडीन, आणि उद्या पांढऱ्या कपाळानं मचव्यात बसेन. नाय वाटलं तर नाय.

भास्करमास्तर : पण बाई, साहेबाला पटलं की झालं. तुम्हाला पटायची नियमात अट नाही.

मथुरा : कुंकू साहेबाच्या कपाळावर नाय, मास्तर.

रावजी : बरोबर बोलली.

भास्करमास्तर : ठीक आहे. मग आधी नाव-गाव घालतो. नवऱ्याचं पूर्ण नाव?

मथुरा : भावजी सांगतील.

रावजी : महिपत धोंडू डोर्लेकर. लिहा. आजही नाव घ्यायला लाजते बघा, आणि म्हणे विधवा होणार.

मथुरा : अजून झाले नाय.

भास्करमास्तर : ओळखीची काही खूण? साहेब विचारेल. साक्षीदारानं पाहिलेला मृत महिपतच होता, दुसरा कोणी नव्हता, हे कशावरून?

मथुरा : हनुवटीवर वण होता. लहानपणी वल्ह्याचा मार लागलेला. आणि आमच्या घरात पाळायचं पुष्कळ असतं. शिंगाळा मासा खात नाय. अंगाला काळा दोरा लावत नाय. शनिवारी जाळं...

रावजी : शिंगाळा! हे तर मी पैजेवर सांगेन, मास्तर. बोटीवर शिंगाळा रांधला की महिपत ताट माझ्यापुढे सरकवायचा. म्हणायचा, रावजीदा, आमच्या घराण्याला चालत नाय, तुमी खावा. बसऱ्याच्या वाटेवर मी त्याच्या वाटचे एवढे शिंगाळे खाल्ले की मला माझी बायको ओळखीना, मिशा फुटल्या म्हणाली माशासारख्या.

मथुरा : हे खरं हाय. शिंगाळ्याचं खरं हाय.

रावजी : मग? मी काय सगळं खोटंच बोलतो?

भास्करमास्तर : गावात तसा समज आहे.

रावजी : गाव काय, गाव दर्यालासुद्धा खारट म्हणून नावं ठेवतं.

मथुरा : भावजी, एक विचारू?

रावजी : विचार गो.

मथुरा : तुमी परत आल्यापासून गावाला सगळं सांगितलात. उंटानं तुमची टोपी गिळली ते सांगितलात. वाळूचं वादळ बोट उचलून खजुराच्या झाडावर ठेवून गेलं ते सांगितलात. माझ्या बाबल्याला ते सगळं तोंडपाठ. पण यांचं कधी एक अक्षर काढलं नाय तुमी. मी पाण्याला जाताना समोर आलात तर तुमी वाट बदलायचात. मी बघत होते.

भास्करमास्तर : रावजी, खाली काय बघता? बोला की. आत्तापर्यंत थांबत नव्हतात.

रावजी : काय बोलू? वैनी, तुझ्या कपाळाला एवढं कुंकू. रोज लावून यायचीस. मी काय सांगायचं, कुठल्या तोंडानं? तुला ते देवीनं दिलेलं.

भास्करमास्तर : देवीनं म्हणजे?

मथुरा : तुमी तेव्हा इथं नव्हतात, मास्तर. यांची मनीऑर्डर बंद झाली, पत्र बंद झालं. सासऱ्यांनी गावदेवीला कौल लावला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. बाई माऊली, आमचा माणूस दर्यापार गेलेला हाय, तो घरी येणार असला तर उजवी कळी दे. आणि उजवी पडली. सगळ्यांनी बघितली. मी स्वतः बघितली.

भास्करमास्तर : आणि?

मथुरा : आणि आठवड्यानं भावजी आले.

भास्करमास्तर : म्हणजे...

मथुरा : गुरव नाव घ्यायला विसरला. आमचा माणूस, म्हणाला. माणूस आला. देवीनं खोटं सांगितलं नाय.

रावजी : झालं. देवीनं मला पाठवला, आणि ही बाय एवढी वर्षं माझ्यावर रुसलेली. मी काय माणूस नाय?

मथुरा : रुसले नव्हते. पण मचवा धक्क्याला लागला तेव्हा मी नवं लुगडं नेसून उभी होते, भावजी. तुमी उतरलात, आणि तुमच्या मागे कोणीच उतरलं नाय. मी मचवा रिकामा होईपर्यंत उभी होते. मग सुकाणूवाला म्हणाला, बाई, आता मी पण घरी जातो.

भास्करमास्तर : मग पुन्हा कौल का नाही लावला? नाव घेऊन?

मथुरा : सासरे म्हणाले, देवीला तेच तेच विचारू नये. आणि मलाच नको होता. डावी पडली असती तर?

रावजी : मास्तर, पाणी हाय काय प्यायला?

भास्करमास्तर : त्या माठात. घ्या तुम्हीच. आणि येऊन सांगा, एकदाच, सरळ. मी मध्ये बोलत नाही.

रावजी : तुमी मध्ये बोलल्याशिवाय मला जमायचं नाय. सवय झाली. आणि उद्या ती पांढरी टोपी घरी ठेवा हो. साहेबाला वाटायचं, चळवळवाला सरकारकडे पेन्शन कशी मागायला आला.

भास्करमास्तर : टोपीचं मी बघतो. बोला.

रावजी : सांगतो. ऐक, वैनी.

मथुरा : ऐकते.

रावजी : आमची बोट मोठी नव्हती. मागे दोन तराफे बांधलेले. एकावर खेचरं, एकावर दारूगोळा. तिगरीस नदी म्हणजे आपली मुचकुंदी नाय. आज इथं पाणी, उद्या तिथं वाळू. रात्रीत वाट बदलते, खोटारड्या माणसासारखी. म्हणून नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, एकानं बांबू घेऊन उभं राहायचं, पाणी मापायचं, आणि ओरडून सुकाणूवाल्याला सांगायचं. ते काम महिपतचं. त्याचा आवाज खडा.

मथुरा : खडा होता.

रावजी : पहाट होती. नदीवर धुकं. आपल्याकडे थंडीत खाडीवर असतं तसं, पण त्याला वास चिखलाचा. मी सुकाणूवर. महिपत पुढे. मला तो दिसत नव्हता, नुसता आवाज यायचा. पुरुषभर... पुरुषभर... छातीभर... मी त्या आवाजावर बोट चालवत होतो. मग काठावरून एक बार झाला.

भास्करमास्तर : तोफ?

रावजी : नाय. बंदूक. एकच. आणि त्यात काही मोठं नव्हतं, मास्तर. आपल्याकडे रानात कोणी डुकरावर बार टाकतो तेवढाच आवाज. मी वाट बघितली की महिपत आता पाणी सांगेल. नाय सांगितलं. मी हाक मारली. नाय बोलला. आणि बोट वाळूवर चढली.

भास्करमास्तर : लिहितोय. पुढे?

रावजी : मी पुढे गेलो. बांबू वाळूत रुतून उभा होता, सरळ. माणूस नव्हता. मी पाण्यात उतरलो. खोल नव्हतं. छातीभरच. त्यानं शेवटचं सांगितलं होतं तेवढंच.

मथुरा : कुठं लागलं होतं?

रावजी : मानेत. इथं.

मथुरा : काही बोलले?

रावजी : नाय.

मथुरा : माझं काही? बाबल्याचं?

रावजी : नाय गो. मी तुला सांगितलं असतं. खोटं कशाला बोलू? माझ्या हाताला लागला तेव्हा तो गेलेलाच होता. बोलायला वेळच नव्हता त्याला.

मथुरा : डोळे?

रावजी : उघडे होते. मी मिटले.

मथुरा : चेहरा कसा होता?

रावजी : कसा म्हणजे... पाणी मोजताना असतो तसा. आकडा आठवत असल्यासारखा.

मथुरा : हो. तसा करायचे. भुवया अशा जवळ घ्यायचे.

भास्करमास्तर : बाई, थोडं पाणी देऊ?

मथुरा : नको मास्तर. बरी हाय मी. एवढी वर्षं मला वाटायचं, पाण्यात एकटे बुडाले असतील, हाका मारत. पोहायला येत होतं त्यांना, म्हणजे पुष्कळ वेळ लागला असेल बुडायला. रात्री तेच यायचं डोळ्यांपुढे. हे बरं. हे लवकर झालं.

रावजी : लवकर झालं. चटकन.

भास्करमास्तर : रावजी, हे तुम्ही इतकी वर्षं कोणाजवळ बोलला नाहीत? तुमच्या वरच्या साहेबालाही?

रावजी : साहेबाला सांगितलं असणार की. त्यानं लिहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी तोही तापानं गेला. तिथं कोण कोणाचं लिहीत होतं, मास्तर? सकाळी हजेरी घेणारा संध्याकाळी हजेरीत नसायचा.

भास्करमास्तर : तो साहेब गेला हे नावासकट सांगता येईल?

रावजी : नाव गोऱ्याचं. माझ्या जिभेवर तेव्हाही बसलं नाय.

भास्करमास्तर : असू दे. हे पुरे आहे. कामावर असताना, शत्रूच्या गोळीनं, साक्षीदाराच्या देखत. देखत म्हणजे जवळजवळ. साहेब फार तर एक-दोन प्रश्न विचारेल. रावजी, उद्या अगदी असंच सांगा. एक शब्द वाढवू नका.

रावजी : जीभ भाड्यानं दिली समजा.

भास्करमास्तर : बाई, मी वाचून दाखवू?

मथुरा : नको. मी ऐकलं.

भास्करमास्तर : मग... तुम्ही म्हणाला होतात, तुम्हाला खरं वाटलं तर.

मथुरा : वाटलं.

रावजी : वाटलं ना, वैनी?

मथुरा : भावजी, मी तुमच्याबद्दल मनात काय काय आणलं होतं. वाट बदलायचात तेव्हा वाटायचं, यांना काही तरी लपवायचं हाय. यांनीच काही केलं असेल. मला क्षमा करा.

रावजी : मला नको गो काही. बस तू.

मथुरा : अंगठा कुठं लावायचा, मास्तर?

भास्करमास्तर : इथे, खाली. थांबा, शाई देतो. डावा अंगठा. दाबू नका फार, नुसता बुडवा.

मथुरा : उद्या धाकटीला, चिमाला, घरी ठेवते. माझ्या आजेसासूनं बांगड्या फोडल्या तेव्हा मी नवी नवरी होते. दगड आमच्या परसातलाच, तुळशीमागचा. तोच घेईन. चिमाला मात्र तिथं येऊ देणार नाय.

भास्करमास्तर : तुम्हाला सोबत कोणी?

मथुरा : सासू असती तर बरं झालं असतं. असू दे. शेजारची यमुनाबाई येईल. तिला सांगावं लागणार नाय, ती बघूनच समजेल.

रावजी : पुढच्या महिन्यापासून काथ्या सोड, वैनी. हाताला तेल लाव. पेन्शन आली की मला एकदा शिंगाळा खायला बोलाव.

मथुरा : आमच्या घरात शिजत नाय तो.

रावजी : ते विसरलोच. मग बांगडा कर.

मथुरा : करीन. भावजी, एकच राहिलं. त्यांना तिथं पाण्यातच सोडलं? की...

भास्करमास्तर : बाई, अंगठा सुकेल. आधी उठवा.

मथुरा : एवढं ऐकते आणि उठवते.

रावजी : पाण्यात कसा सोडीन? आपल्या गावचा माणूस. मी आणि एक गुहागरचा खलाशी होता, दोघांनी काठावर नेला. लाकूड नव्हतं. दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्या फळ्या केल्या, खजुराच्या झावळ्या घातल्या वर. मंत्र कुठला यायला? मी आपलं गाऱ्हाणं घातलं, देवीचं नाव घेऊन. नाव घेऊन बरं का, गुरवासारखं नाय. महिपत धोंडू डोर्लेकर, पूर्णगड.

मथुरा : नाव घेतलंत.

रावजी : घेतलं. मोठ्यानं. काठावरच्या तुर्कालाही ऐकू गेलं असेल.

भास्करमास्तर : पुरे रावजी. फार चांगलं झालं. इथेच थांबा.

रावजी : थांबतो की. पण आपल्या माणसाचं जे करायचं ते सगळं केलं मी, वैनी, काही सोडलं नाय. तिथं कात्री नव्हती, सुरी नव्हती. तर चितेवर ठेवायच्या आधी त्याच्या कमरेचा करगोटा मी माझ्या दातांनी तोडला. ओला होऊन घट्ट बसलेला. हे बघा, पुढचा दात त्याच्यातच गेला. आणि तो काळा दोरा त्याच्याबरोबरच घातला आगीत.

भास्करमास्तर : हे मात्र लिहून घेतो. दातांनी करगोटा... असलं काही माणूस पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही. साहेबाला हिंदू कारकून समजावून सांगेल याचा अर्थ. बाई, आता उठवा अंगठा.

मथुरा : कमरेला होता?

रावजी : कमरेलाच असतो गो करगोटा. पुरुषाच्या कमरेला नाय तर कुठं असणार?

मथुरा : काळा?

रावजी : काळाच. मी काय...

भास्करमास्तर : बाई? उठवता ना? शाई सुकत आली.

रावजी : वैनी, अशी काय बघतेस? मी म्हटलं ना, चटकन झालं. तू ते बघ. बाकीचं सोड.

मथुरा : त्यांच्या आज्याला दर्यात दोरानं ओढून नेलं, भावजी. तेव्हापासून त्या घरातल्या पुरुषाच्या अंगाला काळा दोरा कोणी लावला नाय. माझ्या बाबल्याला पाळण्यात असल्यापासून पोरं हसतात त्यावरून. त्यांना करगोटा नव्हता. कधीच नव्हता. तुमी तिथं नव्हतात... तुमाला पण माहीत नाय, म्हणून वाट बदलायचात. मास्तर, एखादं फडकं असलं तर द्या. अंगठा पुसायचा हाय.